नोकरीचें इंग्रजी कीं पोपटपंची?

छत्रपती संभाजीनगरांत औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत एकदां फिरून यावें आणि वाटेंतील पाट्या वाचाव्या, म्हणजे आमच्या समाजाचें सध्याचें विद्यादैवत कोणतें, हें निराळें सांगावें लागत नाहीं. थोड्या दिवसांत अस्खलित इंग्रजी, मुलाखतींत हमखास यश, व्यक्तिमत्त्वाचा विकास, अशीं आश्वासनें देणारे वर्ग जागोजाग निघाले आहेत. आणि वैजापूर, पैठण, सिल्लोड किंवा अंबड येथून आलेला पदवीधर बापाच्या कपाशीचे पैसे तेथें नेऊन भरीत आहे. इंग्रजी शिकण्यास आमचा विरोध आहे, असा समज कोणीं करून घेऊं नये. आमची तक्रार अगदीं उलट आहे. या वर्गांत इंग्रजी शिकवीत नाहींत, ही आमची तक्रार आहे.

तेथें शिकवितात तीं ठराविक प्रश्नांचीं ठराविक उत्तरें. स्वतःविषयीं चार शब्द सांगा. पांच वर्षांनीं आपण कोठें असाल. आपल्या अंगीं वैगुण्य कोणतें? या शेवटच्या प्रश्नाला उमेदवारानें असें उत्तर द्यावयाचें असतें कीं, काम निर्दोष झाल्यावांचून मला तें सोडवत नाहीं, हेंच माझें वैगुण्य! वर्गांतील सगळ्या मुलांचें वैगुण्य एकच असावें, आणि तेंही इतकें गोंडस असावें, हा चमत्कार या वर्गांनींच घडवावा. पाठ केलेलें संपलें आणि परीक्षकानें सहज विचारलें, ‘पदविकेच्या शेवटच्या वर्षीं तुम्हीं जें यंत्र तयार केलें, त्यांत अडचण कोणती आली?’ कीं उमेदवार गप्प. केवळ इंग्रजी शब्द सुचला नाहीं म्हणून तो गप्प बसला, असें समजणें भोळेपणाचें होईल. तो प्रश्न त्याला मराठींतही कोणीं कधीं विचारलेला नसतो. ज्याला स्वतःचें काम स्वतःच्या भाषेंत सांगतां येत नाहीं, त्याला तें परभाषेंत कसें सांगतां यावें?

पोटासाठीं परभाषा शिकण्याचा अनुभव या शहराला नवा नाहीं. मोगल सुभ्याच्या दप्तरांत फारसी होती. निजामाच्या राज्यांतही ती दीर्घकाळ टिकली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिची जागा उर्दूनें घेतली. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य गेलें आणि उर्दूचा दरबारी मानही गेला. पुढें १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी राज्यकारभाराची भाषा ठरली. कारखान्यांनीं आणि पेढ्यांनीं मात्र इंग्रजीच धरली. कचेरीची भाषा अशी पिढ्यापिढ्यांनीं पालटत आली आहे. अर्जापुरती भाषा घोकणाऱ्याचें भांडवल तिच्याबरोबर बुडतें; हिशेब, कायदा किंवा यंत्रविद्या ज्याला खरोखर अवगत आहे, तो नवी भाषाही पाहतां पाहतां आपलीशी करतो.

१९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें उदाहरण येथें घेण्याजोगें आहे. तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू ठेविलें होतें. मराठवाड्यांतील मराठी मुलाची ती घरची भाषा नव्हती. हा अन्याय आम्ही विसरलेलों नाहीं. तथापि त्या विद्यापीठाच्या चालकांनीं एक गोष्ट नीट ओळखली होती. वैद्यकासारखे विषयही देशी भाषेंत शिकवावे, त्यांकरितां भाषांतरसंस्था काढून ग्रंथ सिद्ध करावे, आणि इंग्रजी हा विषय सर्वांना आवश्यक ठेवावा, अशी त्यांची योजना होती. विषय समजणें ही एक गोष्ट आणि इंग्रजी येणें ही दुसरी. दोन्ही हव्यात, पण एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. आम्हीं दोहोंचा काला केला, आणि ज्याची जीभ इंग्रजींत सफाईनें फिरते त्याला विषयही येत असलाच पाहिजे, असें धरून चाललों.

कोणी म्हणेल, ‘हें सुखवस्तु घरांतील लोकांचें तत्त्वज्ञान झालें. ज्यांच्यापुढें विद्येचीं सारीं दारें बंद होतीं, त्यांना इंग्रजीनेंच वाट करून दिली.’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो विसरणारा मराठीचा अभिमान आम्हांस नको. परंतु ती वाट कशी झाली, हेंही पाहावें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२० सालीं ‘मूकनायक’ मराठींत काढलें आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध इंग्रजींत प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणीं त्यांच्या हातीं होती ती युक्तिवादाची धार. याच शहरांत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. तेथें येणाऱ्या मुलाला विद्या मिळावी, हा त्या खटाटोपाचा हेतु होता. त्या मुलाच्या नातवाला आज पाठ केलेलीं दहा उत्तरें विकून ‘हीच तुझी मुक्ति’ म्हणून सांगणें ही त्याची सरळसरळ फसवणूक आहे.

मग इंग्रजी शिकवावें कसें? मराठीच्या आधारानें शिकवावें. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांचे उच्चार कदाचित् ओबडधोबड असतील. पण मराठी वाक्य इंग्रजींत आणि इंग्रजी वाक्य मराठींत करतां करतां दोन्ही भाषांचा सांगाडा त्यांच्या हातीं येत असे. ‘मला हें यंत्र चालवितां येतें’ असें आपण म्हणतों. इंग्रजींत ‘मला’ चालत नाहीं, ‘मी’ला कर्ता होऊन पुढें यावें लागतें. ‘यंत्र बंद पडलें’ एवढ्यानें आपलें भागतें. इंग्रजीला तें कोणतें तरी एक यंत्र कीं मघाशीं सांगितलेलेंच, हें यंत्राच्या नांवापूर्वीं उपपद घालून आधीं स्पष्ट करावें लागतें. हा भेद मराठींत समजावून देणारा शिक्षक मुलाची कायमची अडचण दूर करतो. ‘येथें मराठी बोलण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावणारा वर्ग मुलाच्या हातांतली एकुलती एक काठी काढून घेतो आणि मग त्याला धांवावयास सांगतो.

राज्यांतील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. बारावी होईपर्यंत बारा वर्षें ती भाषा मुलाच्या समोर असते. बारा वर्षांत जें साधलें नाहीं तें थोड्या दिवसांत साधेल, अशी आशा सुबुद्ध आईबाप कशी बाळगतात? आणि बारा वर्षांचा हिशेब ते शाळेला कां विचारीत नाहींत?

तथापि सर्व दोष वर्गचालकांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. बाजारांत जें खपतें तें ते विकतात. गिऱ्हाइकाला भाग पाडणारा निराळाच आहे. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ सालीं वाळूजला निघाला. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रे मिळून आज येथें मोठी उद्योगनगरी झाली आहे. कारखान्यांत यंत्राशेजारीं चालणारें बोलणें मराठींत आणि हिंदींत चालतें. यंत्राची माहितीपुस्तिका, आराखडे आणि तपासणीचे तक्ते इंग्रजींत असतात. म्हणजे अशा कामगाराला आणि पर्यवेक्षकाला इंग्रजी लागते ती वाचण्यास आणि लिहिण्यास. मुलाखतींत मात्र परीक्षा होते ती बोलण्याची! परदेशीं गिऱ्हाइकाशीं ज्याला रोज बोलावयाचें आहे, त्याचें बोलणें अवश्य तपासावें. पण ज्याला सुट्या भागांचें माप घ्यावयाचें आहे, त्याच्या उच्चारावरून त्याची लायकी ठरविणें म्हणजे गवंड्याची परीक्षा त्याच्या पागोट्यावरून करणें होय.

आणि मुलाखतीच्या मेजापलीकडे बसतो कोण? पुष्कळदां तो आपल्याच घरांतला, या मासिकाचा वाचक असतो. घरीं मराठी पुस्तकांचें कपाट बाळगणारा हा गृहस्थ कचेरींत मराठी उमेदवाराशीं मराठींत बोलणें कमीपणाचें मानतो, आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून संध्याकाळीं पेढे वाटतो. त्याच्याकडे आमचें मागणें फार मोठें नाहीं. उमेदवारानें काय काम केलें, तें कसें केलें आणि कोठें चुकलें, हें त्याला प्रथम मराठींत विचारावें. मग त्याच्यापुढें इंग्रजी तपासणीतक्ता ठेवून तो वाचून घ्यावा आणि चार ओळींचा इंग्रजी अहवाल लिहून घ्यावा. ज्याला हें जमेल त्याला नोकरी द्यावी. जमलें नाहीं तर काय शिकून यावें, हें त्याला सांगावें. ही रीत शहरांतील चार कारखान्यांनीं जरी पत्करली, तरी वर्गांना पाठांतर सोडून भाषा शिकविणें भाग पडेल, आणि कपाशीचा तो पैसा सत्कारणीं लागेल.