कोणी उठवलं?

हॉस्टेलवर रात्री दोन वाजता कोणी दार वाजवलं तर तोंडातून पहिला प्रश्न निघतो, "कोण आहे रे?" आपण बनवलेल्या यंत्राला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. तक्रार तीच आहे.

फायनल इयरचे कितीतरी प्रोजेक्ट हल्ली लिनक्सच्या बोर्डावर होतात. डेमोच्या दिवशी सगळं झकास चालतं, कारण बोर्ड अ‍ॅडॉप्टरवर असतो. बॅटरीवर टाकला की दोन दिवसांत गप्प! मग रिपोर्टात शेवटी एक ओळ येते, 'मोठी बॅटरी वापरावी.' मित्रांनो, हे उत्तर नव्हे, पळवाट आहे.

साधा हिशोब करू. समजा बॅटरी २००० मिलिअँपिअर-अवरची आहे. बोर्ड झोपेत २ मिलिअँपिअर खातो, जागेपणी २००. नुसता झोपून राहिला तर १००० तास, म्हणजे ४१ दिवस. पण दर मिनिटाला कोणीतरी त्याला १० सेकंद उठवत असेल तर सरासरी ३५ वर जाते आणि ५७ तासांत खेळ खलास. बॅटरी दुप्पट केलीत तरी पाच दिवसांच्या आतच. दोष बॅटरीचा नाही, उठवणाऱ्याचा आहे.

उठवणारे असतात तरी किती! घड्याळाचा अलार्म, बटण, सिरीयल पोर्ट, नेटवर्क, चार्जर. एखादी पिन पुल-अपशिवाय अधांतरी सोडली तर नुसता नॉइजसुद्धा पुरतो. त्यातून कित्येक पिना एकाच इंटरप्टवर बांधलेल्या असतात. कर्नेल 'अमुक नंबरच्या इंटरप्टने उठवलं' एवढं सांगू शकतो, पण त्यामागची नेमकी पिन ड्रायव्हरनेच स्टेटस रजिस्टर वाचून सांगायची असते, आणि तीही ते रजिस्टर पुसायच्या आधी. आपले ड्रायव्हर आधी पुसतात. चोर पळाल्यावर ठसेही पुसून टाकायचे, असला प्रकार!

हा विषय क्षुल्लक मुळीच नाही. अँड्रॉइडचे वेकलॉक मूळ कर्नेलमध्ये घ्यावेत की नाही यावर २००९-१० मध्ये मोठा वाद झाला होता. शेवटी राफाएल विसोत्स्की यांनी केलेली वेगळी व्यवस्था २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत आली. तिची युक्ती सोपी आहे. झोपण्याआधी प्रोग्रॅमने जाग्या करणाऱ्या घटनांचा आकडा वाचायचा आणि तोच परत लिहायचा. मधल्या वेळात नवी घटना घडली असेल तर लिहिणं फसतं आणि झोप टळते. शिवाय कोणत्या उपकरणाने किती वेळा उठवलं याची नोंद डीबगएफएसमध्ये 'वेकअप सोर्सेस' या फाइलीत मिळते. पण ड्रायव्हरने घटना कळवलीच नाही तर त्या तक्त्यात शून्यच दिसणार.

काही सर म्हणतील, "पोरांना आधी ड्रायव्हर तर चालवू दे!" मान्य. पण यात लागतात किती ओळी? झोपताना खरोखर गरज असलेल्याच इंटरप्टला उठवायची परवानगी द्यायची, उठल्यावर ती काढून घ्यायची आणि हँडलरमध्ये घटना कळवायची. जेमतेम दहा-बारा ओळी. त्या नसल्या तर पुढे महिनाभर अंधारात चाचपडायचं.

म्हणून स्टाफला एक विनंती आहे. बॅटरीवर चालणाऱ्या प्रोजेक्टचा डेमो अ‍ॅडॉप्टरवर घेऊच नका. बोर्ड रात्रभर लॅबमध्ये झोपवून ठेवा आणि सकाळी विद्यार्थ्याकडून एकच कागद मागा: किती वेळा उठला आणि दर वेळी कोणामुळे. व्हायवाचे पाच मार्क त्या कागदाला द्या. ज्याच्या यादीत 'माहीत नाही' एकदाही येत नाही, त्याचा प्रोजेक्ट खरा पूर्ण झाला असं मी म्हणेन. बाकीच्यांचा फक्त चालू आहे, तोही प्लगमध्ये वायर आहे तोवर.