दोन टक्क्यांची नवी अडत

कसारा स्थानकात 'बँकर' हा शब्द उच्चारला तर कोणाच्या डोळ्यांपुढे बँकेतला साहेब उभा राहत नाही. इंजिन उभे राहते. थळ घाटातील 37 फुटांस 1 फूट असा चढ चढण्यासाठी बहुसंख्य गाड्यांना येथे मागून इंजिने जोडली जातात. ती गाडीला इगतपुरीपर्यंत रेटतात आणि तेथे सुटी होतात. चढ चढवून दिला म्हणून डब्यातील मालाच्या विक्रीत ती वाटा मागत नाहीत. पैशांच्या जगातील नव्या 'बँकरां'विषयी मात्र असे म्हणता येत नाही.

याच शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून ती मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकली, याचे कौतुक केंद्र सरकारने 2020 साली केले. ते योग्यच होते. पिढ्यान्‌पिढ्या रानातला माल बाजारच्या दिवशी व्यापारी म्हणेल त्या भावाने टाकून येणाऱ्या समाजाने थेट ग्राहकापर्यंत जावे, ही आनंदाची गोष्ट आहे. आज मध, नागलीचे पापड, रानभाज्यांची लोणची विकणारा कोणताही बचत गट स्वतःचे संकेतस्थळ काढण्याचा विचार करू शकतो. संकेतस्थळ तयार होते, मालाची छायाचित्रे झळकतात आणि अगदी शेवटी प्रश्न येतो: पैसे कोणामार्फत घ्यायचे? पेमेंट गेटवे कोणाचा? संकेतस्थळ बांधणारा जाणकार आपल्या सवयीतल्या कंपनीचे नाव सुचवतो आणि गटाची अध्यक्षा सही करते. तांत्रिक बाब म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होते, तो खरे तर वाटपाचा प्रश्न आहे. निर्माण झालेल्या मूल्यातून कोणी किती उचलायचे, हे त्या एका सहीने ठरते.

हिशेब साधा आहे. कार्डाने होणाऱ्या व्यवहारावर हे मध्यस्थ साधारणतः शेकडा दोन रुपये आकारतात आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी पडतो. समजा, मधाची बाटली 500 रुपयांना विकली. 10 रुपये आकार आणि 1 रुपया 80 पैसे कर, म्हणजे 11 रुपये 80 पैसे वाटेतच गळले. जीएसटीची नोंदणी नसलेल्या गटाला हा कर वळताही करून घेता येत नाही. दोन टक्के म्हणजे किरकोळ रक्कम, असे सांगणारे एक गोष्ट लपवतात. ही टक्केवारी नफ्यावर नसून विक्रीवर आहे. बाटली, बूच, टपालखर्च आणि मजुरी वजा जाता गटाच्या हाती 50 रुपये उरत असतील, तर मध्यस्थाने त्या शिलकीचा जवळजवळ चौथा हिस्सा नेला.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. बाजार समितीत शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापून घेण्याविरुद्ध येथे वर्षानुवर्षे ओरड झाली आणि 2016 साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरले. उत्पादकाच्या खिशातून मध्यस्थाने परस्पर कापून घेऊ नये, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. तीच अडत आता संगणकाच्या पडद्याआडून पुन्हा उत्पादकाच्याच पट्टीतून कापली जाते आणि तिला प्रगती म्हटले जाते!

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, टपालखात्याची मनीऑर्डर याहून महाग होती. 20 रुपयांस 1 रुपया, म्हणजे शेकडा पाच. हे खरे आहे. पण त्या पाच रुपयांत पोस्टमन पाड्यापर्यंत चालत जाई आणि रोकड हातात मोजून देई. येथे तसा कोणी चालत जात नाही. दुसरा आक्षेप असा की, कार्डाची माहिती सांभाळणे, फसवणूक रोखणे, ग्राहकाचे पैसे परत करणे ही कामे बचत गटाला झेपणार नाहीत. हेही मान्य केले पाहिजे. गटाने ती स्वतः करू नयेत, हेच शहाणपणाचे. प्रश्न मध्यस्थ असावा की नसावा हा नाही. तो कोणाच्या मालकीचा आणि कोणाला जबाबदार असावा, हा आहे.

मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने या मध्यस्थांना नियम घालून दिले. अर्ज करताना 15 कोटींचे आणि पुढे 25 कोटींचे नक्त मूल्य हवे, ग्राहकांचा पैसा बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात हवा. लोकांच्या पैशांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, या नाक्यावर बसण्याचा अधिकार मोठ्या भांडवलालाच उरला.

सरकारी प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या यूपीआयचीही तीच गत होऊ पाहते आहे. 2016 साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही व्यवस्था सुरू केली आणि 1 जानेवारी 2020 पासून तिच्यावरील व्यापारी आकार शून्य झाला. रस्ता सार्वजनिक, पण त्यावरची वाहतूक दोन परदेशी मालकीच्या कंपन्यांच्या हाती गेली. फोनपे वॉलमार्टच्या आणि गुगल पे गुगलच्या ताब्यात आहे. 2024 साली यूपीआयच्या व्यवहारांपैकी 80 टक्क्यांहून अधिक या दोघांकडून होत होते. कोणाचाही हिस्सा 30 टक्क्यांवर जाऊ नये, हा नियम 2020 साली जाहीर झाला. त्याची मुदत ढकलत ढकलत 2026 च्या अखेरीस नेण्यात आली. शिवाय शून्य आकाराचा ढोल पिटला जात असताना, काही गेटवे 'सेवाशुल्क' म्हणून यूपीआयच्या व्यवहारावरही टक्केवारी लावतात. करारातली ही मेख कोणी वाचत नाही.

परावलंबनाची किंमतही दिसून चुकली आहे. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर विसंबलेले फोनपे रातोरात ठप्प झाले. 2024 साली पेटीएम पेमेंट्स बँकेचे व्यवहार बंद करण्यात आले, तेव्हा लहान दुकानदारांची धावाधाव झाली. मोठा व्यापारी अशा वेळी दुसऱ्या दाराने जातो. एकाच दाराशी बांधलेला गट उपाशी राहतो.

यावरचा उपाय सार्वजनिक क्षेत्राकडे बोट दाखवून भागणारा नाही. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते लहान माणसासाठी. पण त्याच बँकांच्या शाखेत यूपीआयची सोय मागायला गेलेल्या बायांना चार खेटे घालावे लागत असतील, तर त्या खासगी दारात जाणारच. स्टेट बँकेकडे 'एसबीआय ईपे' ही स्वतःची सेवा आहे. सरकारी खात्यांचे शुल्क जी गोळा करू शकते, ती बचत गटाच्या मधाचे पैसे का गोळा करू नये? नागरी सहकारी बँकांसाठी 2024 साली शिखर संस्था सुरू झाली आहे. अशा संस्थांनी आणि जिल्हा बँकांनी मिळून सहकारी गेटवे उभारावा, त्याचा आकार खर्चापुरता ठेवावा आणि बचत गटांसाठी तो सरकारने सोसावा, ही मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर गटांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. जवळच्या सरकारी बँकेच्या यूपीआय संकेताने थेट पैसे घेण्याचा मार्ग पहिला ठेवावा आणि कार्डाचा दुसरा. करारात यूपीआयवर काही आकार आहे का आणि पैसे किती दिवसांत खात्यात येणार, हे लेखी घ्यावे. संकेतस्थळ बांधणाऱ्याला बजावावे की, मध्यस्थ बदलता येईल अशीच रचना हवी.

तानसा, मोडकसागर आणि भातसा यांचे पाणी मुंबईची तहान भागवते आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रानातल्या मधाचा पैसाही त्याच उताराने वाहून जाऊ द्यायचा नसेल, तर त्याला आजच बांध घातला पाहिजे. चढावर रेटणारे इंजिन हवेच आहे. पण ते कसाऱ्याच्या बँकरसारखे हवे. गाडी वर पोहोचली की सुटे होणारे, डब्यावर हक्क न सांगणारे.