वर्गाबाहेरचे सहा महिने

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता सहा महिने पीथमपूरच्या कारखान्यात जायचे म्हणते. फी भरायची महाविद्यालयाची आणि राबायचे कारखान्यात, हा कुठला न्याय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरांतून लेखणीला जो मान मिळाला, तो हत्याराला क्वचितच मिळाला. वस्तुतः लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक होते, आणि पुढे १९१० साली त्यांनीच किर्लोस्करवाडी वसविली. वर्ग आणि कारखाना यांचे वैर नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवे होते.

अमेरिकेत अभ्यास आणि काम यांची रीतसर सांगड प्रथम घातली ती सिनसिनाटी विद्यापीठात, हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने. १९०६ साली सत्तावीस विद्यार्थ्यांनिशी त्याने आरंभ केला. योजना साधी होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावायच्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातील जागा रिकामी राहत नसे आणि कामाचे वेतनही मिळे. मुख्य लाभ निराळाच होता. यंत्रापाशी पडलेला प्रश्न घेऊन विद्यार्थी वर्गात परत येई, आणि वर्गात उमगलेले उत्तर पुन्हा यंत्रावर पारखून पाही.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा १९७३ मध्ये पदवीधर अभियंत्यांनाही लागू झाला. तथापि ती उमेदवारी पदवीनंतरची. तेव्हा प्रश्न पडला तरी परतायला वर्ग उरलेला नसतो. पिलानीच्या बिर्ला संस्थेने मात्र १९७३ पासूनच 'प्रॅक्टिस स्कूल' अभ्यासक्रमात गुंफले आणि विद्यार्थ्यांबरोबर आपले अध्यापकही कामाच्या जागी पाठविले. ही दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

आपल्या इंदुरात गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ पासून अभियंते घडवीत आली आहे. शेजारच्या धार जिल्ह्यातील पीथमपुरात मालमोटारींपासून औषधांपर्यंत सारे तयार होते. विद्या आणि उद्योग इतके जवळ नांदणारी शहरे थोडी. पण जवळ असणे म्हणजे जोडलेले असणे नव्हे. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमाने प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक ठरविला. तरी जागोजागी तो एका प्रमाणपत्रापुरताच उरतो. मुले हजेरी लावतात, कुणाच्या तरी मागे उभी राहतात आणि जुन्या अहवालाची नक्कल करून परततात. कुठे त्यांच्याकडून फुकट राबवून घेतले जाते.

म्हणून वहिनींना मी तीन प्रश्न विचारायला सांगितले. मुलीवर कोणते निश्चित काम सोपविणार आहेत? महाविद्यालयातील कोणते अध्यापक तिथे जाऊन ते पाहणार आहेत? आणि विद्यावेतन मिळणार आहे का? तिन्हींची समाधानकारक उत्तरे आली, तर हे सहा महिने पदवीचाच भाग आहेत, खुशाल पाठवावे. न आली, तर वहिनींचा राग रास्त आहे, आणि तो महाविद्यालयाच्या कानी घालावा.

वहिनींनी तिन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतले. एवढ्यात कन्या आतून म्हणाली, "आई, चौथाही लिही. बस पहाटे सहाला सुटते. डबा कोण करणार?"

"तुझा तू," वहिनी म्हणाल्या. "तेही प्रत्यक्ष कामच आहे."