बाळाचे शाळेचे कपडे

वळवाचे दोन पाऊस होऊन गेले, येळ्ळूरच्या शिवारात धूळवाफ पेरणीची घाई सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात घरोघरी आणखी एक घाई दिसू लागली. तीन-साडेतीन वर्षांचे बालक आता अंगणवाडीत, बालवाडीत अथवा शहराच्या वाटेवरील एखाद्या शिशुवर्गात जावयाचे. त्याला कपडे हवेत. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे आणि शाळेचा खर्च ही सारी देणी शेतकऱ्याच्या दारात एकाच वेळी येऊन उभी राहतात. म्हणून कपड्यांस घातलेला पैसा वाया जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक माता घेते. परंतु वाया जाणे म्हणजे काय, याविषयी आमची स्वतःची समजूत काही वर्षांपूर्वी फार चुकीची होती. ती कशी दुरुस्त झाली ते वाचकांस सांगावे असे आम्हांस वाटते.

आमचा थोरला नातू शाळेत जावयास निघाला तेव्हा आम्ही त्याला शनिवारच्या बाजारी बेळगावास नेले व हौसेने एक जोड घेतला. लांब पाटलोण, तिला हुक, झिप आणि वर चामडी पट्टा. कडक गळपट्टीचा सदरा, त्याला वाटाण्याएवढी बटणे. पायांत नाडीचे बूट. बाळ लहानसा साहेब दिसू लागला. शेजारणी पाहून गेल्या, छायाचित्र काढून झाले. पाटलोण दोन वर्षे पुरावी म्हणून आम्ही ती दोन बोटे मोठीच घेतली होती, आणि या व्यवहारचातुर्याचे आम्हांस कौतुकही वाटले होते.

तिसऱ्या दिवशी बाळ ओल्या कपड्यांनी घरी आला. त्याने बाईंना वेळेवर सांगितले होते; बाईंनी त्याला मोरीकडे जाऊही दिले होते. तेथे एकटा उभा राहून तो पट्ट्याशी झगडला, आणि पट्टा सुटला नाही. इतर मुले हसली. घरी आल्यावर आम्हीही रागावलो, हे येथे कबूल केलेच पाहिजे. "एवढा मोठा झालास, कळत नाही का?" असे आम्ही म्हणालो. चार दिवसांनी सूनबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. बाळ सकाळी पेजेला तोंड लावीना, दूधही घेईना. पाण्याचा पेला पुढे केला की म्हणे, "नको आई, शाळेतनं आल्यावर पितो." तीन वर्षांच्या लेकराने आपल्यापुरता उपाय शोधून काढला होता. पट्टा सोडता येत नाही, तर पाणीच प्यावयाचे नाही! उन्हातान्हातून चालत जाणारे मूल दुपारपर्यंत कोरडे राहत होते, आणि त्याचे कारण आम्ही दाम मोजून घरी आणले होते. त्या दिवशी पट्टा पेटीत गेला तो आजवर तेथेच आहे.

तेव्हापासून आमच्या घरी एकच कसोटी चालते. कपडा बाळाच्या हाती द्यावा, आपण हाताची घडी घालून बाजूला बसावे, आणि त्याला तो कोणाच्याही मदतीवाचून काढता व घालता येतो का ते पाहावे. घालण्याहून काढणे अधिक महत्त्वाचे. ज्याला हे जमते तो कपडा शाळेचा. ज्याला जमत नाही तो कितीही देखणा असो, नाताळास अथवा लग्नसमारंभास, आई जवळ असेल तेव्हाच घालावा.

ही गोष्ट थोरामोठ्यांनी पूर्वीच ओळखली होती. मारिया मॉन्टेसरी या इटालियन विदुषीने 6 जानेवारी 1907 रोजी रोम शहरातील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तिने मुलांकरिता जी साधने तयार करविली त्यांत लाकडी चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणून बसविलेले. एकीवर मोठी बटणे, दुसरीवर हुक, तिसरीवर नाडी किंवा फीत. मुलाने बसल्या जागी ती उघडावी, लावावी, पुन्हा उघडावी. बटण लावणे हा अक्षर गिरविण्याइतकाच खरा अभ्यास आहे, असे तिने मानले. 1939 साली ती हिंदुस्थानात आली आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत येथेच राहिली. तिच्या विचारांचे बीज आपल्या प्रांतांत त्याआधीच पडले होते. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साहाय्याने खेड्यातील मुलांसाठी बालवाडी उभी केली. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही कल्पना त्यांचीच. शासनाची अंगणवाडी 2 ऑक्टोबर 1975 पासून सुरू झालेल्या बालविकास योजनेतून आली. ज्या घरी चौकट नाही तेथे वडिलांचा जुना सदरा खुर्चीच्या पाठीवर चढवून ठेवला तरी चालते. त्याची मोठी बटणे लहान बोटांस सोपी जातात.

आता प्रत्यक्ष कपड्यांकडे वळू. शाळेसाठी गुडघ्यापर्यंतची अर्धी चड्डी सर्वांत चांगली. कमरेला नेफा करून त्यात रुंद इलॅस्टिक ओवावे. ते इतकेच ताणलेले असावे की संध्याकाळी पोटावर वळ दिसू नये. नेफ्याला आतून बोटभर जागा न शिवता मोकळी ठेवली म्हणजे इलॅस्टिक सैल झाल्यावर बदलता येते. नाडी मात्र नको. ओली झालेली नाडीची गाठ आपल्यालाही दातांनी सोडावी लागते, तेथे बाळाची काय कथा? झिपही नको, लहान मुलग्यांची नाजूक कातडी तिच्यात अडकून इजा होते, आणि डॉक्टरांकडे धावावे लागते. चड्डीची पुढची बाजू ओळखता यावी म्हणून आतून लाल दोऱ्याचे चार टाके घालावेत. सदऱ्याला बटणे असतील तर ती मोठी व मोजकी असावीत, आणि काज किंचित सैल असावे. बटणे खालून वर लावावयास शिकविल्यास एक वर एक खाली होत नाही, कारण खालची दोन टोके मुलाला समोर दिसतात. डोक्यातून घालावयाचा बनियनसारखा सदरा तर त्याहून सोपा; गळा तेवढा ऐसपैस पाहावा.

कापडाविषयी घरोघरी वाद होतो. सासूबाई म्हणतात सुती घ्या, सूनबाई म्हणतात टेरीकॉट घ्या, आणि खरे पाहता दोघींचेही बरोबर असते. सूत घाम शोषते, अंगास मऊ लागते, उकळत्या पाण्यात धुतले तरी टिकते. टेरिलीनचा धागा 1941 साली इंग्लंडात निघाला; तो पाणी शोषीत नाही म्हणून लवकर वाळतो, पण त्याच कारणाने उकाड्यात अंगाला चिकटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झड लागली की दोरीवरचा सुती कपडा दोन-दोन दिवस दमटच राहतो, आणि दमट चड्डी घातली की जांघेत गजकर्ण उठते. म्हणून सदरे सुती व चड्ड्या मिश्र धाग्याच्या, असा मध्यममार्ग आम्ही धरला आहे. चुलीवरच्या वलणीवर कपडे वाळविण्याची सवय असलेल्या घरी एक सावधगिरी हवी. सुती कापड आगीला लागले तर जळते; कृत्रिम धागा मात्र वितळतो आणि कातडीला चिकटून बसतो. अशा कपड्यांतील मूल चुलीजवळ बसू देऊ नये.

किती कपडे घ्यावेत? भारी दोन जोडांपेक्षा साधे चार बरे. एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत, आणि एक घडी घालून दप्तरात, सोबत ओल्यासाठी पिशवी. दप्तरातील जोड आहे हे बाळाला दाखवून ठेवावे. कपडे ओले झाले तरी बदलावयास दुसरे आहेत, एवढ्या ज्ञानाने मुलाला मोठा धीर येतो.

मापाविषयी आमचा अनुभव वर आलाच आहे. लोंबणारी पाटलोण भाताच्या बांधावरील चिखलात पायात येते आणि मूल तोंडावर पडते. त्यापेक्षा कापड घेऊन आधी एक रात्र पाण्यात भिजवावे, म्हणजे आटावयाचे ते आटून जाते. मग गावातल्या शिवणाऱ्या मावशींकडे द्यावे आणि शिवणीत व खालच्या दुमडीत माया ठेवावयास सांगावे. शिंप्यांच्या भाषेत आतल्या राखीव कापडाला माया म्हणतात, हा शब्द कोणी योजला असेल तो मोठा जाणता असला पाहिजे. वर्षाने टाके उसवून तीच चड्डी दोन बोटे वाढते. पवित्र शास्त्रातील हन्ना आपल्या शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून दरवर्षी शिलोला नेत असे, ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. त्यात एक बारकावा आहे. पाच वर्षे पुरेल असा मोठा झगा तिने एकदाच शिवला नाही. लेकरू दूर असूनही त्या वर्षी ते केवढे झाले असेल याचा अंदाज तिने दरवर्षी नव्याने बांधला.

चुलत्या-मावस भावंडांचे जुने कपडे मिळत असतील तर ते आनंदाने घ्यावेत. अनेक धुण्यांनी मऊ झालेला सदरा नव्या कांजीदार सदऱ्यापेक्षा मुलाला अधिक आवडतो. काही मातांना यात कमीपणा वाटतो, तो आम्हांस समजत नाही. अमुक घरच्या मुलाने काय घातले हे पाहून कर्ज काढणाऱ्या आईबापांविषयी मात्र आम्हांस वाईट वाटते.

दुकानात बाळाला "कोणता हवा?" असे मोकळे विचारू नये, तो सर्वांत भडक व सर्वांत महाग कपड्यावर बोट ठेवील. आपण आधी दोन निवडावेत आणि त्यांतील एक त्याला ठरवू द्यावा. स्वतः निवडलेला सदरा घालावयास तो सकाळी कुरकुरत नाही. चड्डीचा रंग गडद असावा, चिखलाचे डाग झाकले जातात. सदरा वा रेनकोट मात्र पिवळा, तांबडा असा उठून दिसणारा घ्यावा, कारण पावसाच्या धुरकटात रस्त्यावरील मोटारवाल्याला तीन फूट उंचीचे मूल दिसले पाहिजे. रेनकोटाच्या टोपीला गळ्याशी नाडी असेल तर ती ओढून काढावी. अशी नाडी घसरगुंडीत वा वाहनाच्या दारात अडकून मुले दगावल्यामुळे 1996 साली अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा आयोगाने ती मुलांच्या कपड्यांस लावू नये असे सांगितले. पायांत मोज्यांचे बूट पावसाळ्यात नकोतच. ओल्या मोज्याने बोटांत चिखल्या होतात. चिकटपट्टीची रबरी चप्पल बरी.

राहिला प्रश्न गणवेशाचा. आपल्या भागात एकाच गल्लीतील मुले मराठी, कानडी व इंग्रजी अशा तीन शाळांत जातात, आणि प्रत्येकीचे कापड निराळे. काही शिशुवर्गांत पट्टा व टायही सक्तीची असते. अशा वेळी एकट्याने तक्रार करण्यापेक्षा चार पालकांनी मिळून मुख्याध्यापिकांना भेटावे आणि रंग तोच ठेवून इलॅस्टिकच्या चड्डीची परवानगी मागावी. आम्ही तसे केले. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. दिवसातून वीस पट्टे मीच सोडते."

धाकट्या नातवाची शाळा येत्या सोमवारी उघडते. त्याचे कपडे मावशींनी परवा शिवून दिले. पहिल्या प्रयत्नात त्याने दोन्ही पाय एकाच बाजूत घातले व आडवा झाला. थोरला हसू लागला तेव्हा त्याला आम्ही पेटीतल्या पट्ट्याची आठवण दिली. काल सकाळी धाकट्याने एकट्याने चड्डी चढविली आणि अंगणात गेला. लाल टाके पाठीमागे गेले होते. आम्ही काही बोललो नाही. जेवणाच्या वेळी त्याचे त्यालाच कळले, आणि ताट तसेच ठेवून तो आत गेला.