स्वस्त पॅकेज कुणासाठी?

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अशा घरात इंटरनेट, मोबाइल आणि टीव्ही एकाच कंपनीचे घ्यावे का? बिल एक, दर कमी, मोह होणारच. पण त्यात मराठी वाहिन्या आहेत का? सुट्या वाहिन्या निवडण्याचा हक्क १ फेब्रुवारी २०१९ पासून आहे, तो वापरावा. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी २०११ पासून राहतो. ३ जुलै २०१५ पासून तर गुजरात सर्कल सोडून नंदुरबारला परतले तरी तोच. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स मात्र सहसा बदलावाच लागतो. म्हणून तिन्ही एकाच दावणीला बांधू नयेत, असे माझे मत. आपण गोंयकारांनीही दरपत्रक बघण्याआधी घरातल्या आजीला विचारावे, तिला काय बघायचे आहे ते. दिवसभर टीव्हीसमोर तीच असते.