सुई टोचली तर दोष कुणाचा?

बारामती : परिचारिका आजारी पडली, की दोष तिच्या निष्काळजीपणाला देण्याची प्रवृत्ती असते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील कामाचे स्वरूप पाहता कारण कामाच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

सर्वांत मोठा धोका वापरलेल्या सुईचा. ती टोचल्यास लस न घेतलेल्या परिचारिकेला बाधित रुग्णाकडून हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. घाईत सुईला पुन्हा टोपण लावताना असे अपघात घडतात. रुग्णांना उचलल्याने पाठदुखी जडते, तासन्‌तास उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात, रात्रपाळीने झोप बिघडते.

सपाट प्रदेशात उपकेंद्रामागे ५ हजार लोकसंख्येचा निकष आहे. गाळप हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, तेव्हा त्यांच्या मुलांचे लसीकरणही आरोग्यसेविकेकडेच येते.

दोषाच्या भीतीने अपघात लपविला जातो, हे अधिक घातक. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार रुग्णसेवेत जडलेला संसर्ग व्यावसायिक आजार ठरतो. मात्र नोंदच नसेल, तर भरपाईचा दावा सिद्ध करणे अवघड. म्हणूनच लसीच्या तीन मात्रा आणि पुरेसे मनुष्यबळ यांइतकीच निर्भय नोंदीची व्यवस्था आवश्यक आहे.