पिशव्या कोण राखणार?

सहल ठरली की आपलं काय होतं, ते मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहाटे तीनला उठून पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या. आणि सहाला गाडीतून हाक, "झालं की नाही अजून?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिखलीहून देवगिरीला गेलो. एका दिवसात जाऊन येता येतं. खाली तटबंदी, वर तासलेल्या कड्यांचा डोंगर. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकानेही दिल्ली सोडून इथेच राजधानी आणली. पायथ्याशी झाडाखाली बघते तर बायकाच बायका! कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणापुढे पिशव्यांचा ढीग. "तुम्ही या जाऊन, आम्ही बसतो."

गुडघे दुखतात त्यांचं ठीक. पण धडधाकट बायकांनी का बसावं? १६२९ साली याच किल्ल्यावर निजामशाहाने लखुजी जाधवांना दगा देऊन मारलं. सोबत दोन मुलं आणि नातू. आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे वडील, भाऊ, भाचा एकाच दिवशी गेले. बारा जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी आपण हौसेनं जातो, आणि इथे येऊन पुऱ्यांचा डबा राखायचा?

पिशव्या दिरांकडे दिल्या. कुरकुरले थोडे. जाऊबाई आणि मी अंधारीतून थेट बारादरीपर्यंत गेलो.

तुम्ही जाल तेव्हा टॉर्च घ्या, पायात बूट घाला, साडीपेक्षा ड्रेस बरा. उन्हाआधी चढायला लागा. डबा गाडीतच राहू द्या.